निबंधातलं माझं मरण

मी वारल्याची बातमी घरी आली, त्या दिवशी आमच्याकडे भरिताचा बेत होता.

बातमी खोटी होती हे मी स्वतःच सांगतोय, तेव्हा विश्वास ठेवायला हरकत नसावी. पण ती आमच्या नातीनं लिहिली होती, इंग्रजीत, परीक्षेत, शाळेचा शिक्का असलेल्या कागदावर. मी चौथी शिकलेला माणूस. शिक्का दिसला की मला सगळं खरंच वाटतं. क्षणभर मलाही शंका आली होती.

माझा जन्म गेला सावद्याला केळीच्या गाड्या भरण्यात. बायको सुमन धुळ्याकडची. ती अहिराणी बोलायची आणि मला जन्मभर एकच प्रश्न विचारायची, "तुम्हले काय समजस?" (उत्तर तिला माहीत होतं.) मागच्या भादव्यात ती गेली. मग मुलगा मला जळगावला घेऊन आला. तो पाइपाच्या कारखान्यात आहे, पाळीवर जातो. सून वर्षा घर बघते. नात तेजू दहावीला. मला काम काहीच नाही. पंख्याखाली बसायचं आणि कोणी विचारलं की "जेवलो" म्हणायचं.

या घरात एकच दुखणं होतं, तेजूचा इंग्रजी निबंध. सहामाहीत तिला निबंधाला पाचापैकी एक मिळाला होता. आता सराव परीक्षा आली होती, आणि त्यानंतर तोंडी परीक्षा. तोंडीचे मार्क इंग्रजीच्या बोरसे मॅडमच्या हातात. इंग्रजीत घसरलं तर टक्का घसरेल, टक्का घसरला तर जळगावच्या कॉलेजात सायन्स मिळणार नाही, असं पोरीनं मला सांगितलं. सांगताना तिचा घास ताटातच राहिला. त्या दिवसापासून माझाही राहायला लागला.

मी विचारलं, "निबंधाचे मार्क देतात कसे? मोजून की बघून?"

"म्हणजे?"

"केळीचा घड आम्ही उचलून सांगायचो. तसं मॅडम कागद उचलून बघत असतील. तू भरपूर लिही. वजन वाढव."

"नाना, शब्दांची मर्यादा असते. जास्त लिहिलं तर मार्क कापतात."

जास्त दिलं म्हणून कापणारं गिऱ्हाईक मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. माझी काळजी वाढली.

मग एक दिवस ती माझ्याजवळ येऊन बसली आणि पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायला लागली. म्हणाली, "क्लासचे सर म्हणतात, यंदा 'माझ्या आयुष्यातला दुःखाचा दिवस' हा निबंध नक्की येणार. घरातलं कोणीतरी गेलं असं लिहा म्हणाले, तपासणाऱ्याचं काळीज हललं पाहिजे. नाना, मी आजीचं लिहू?"

मी म्हटलं, "आजीला हात लावायचा नाही. ती एकदा गेली तेवढी पुरे. पाच मार्कांसाठी तिला परत मारायची नाही."

"मग कोणाचं लिहू?"

"मला मार की. मी बसूनच आहे."

पोरगी आधी रडली, मग पेन घेऊन आली. कशानं मारायचं यावर आमची बैठक झाली. मला साखरेचा आजार आहे, पण त्याचं स्पेलिंग तिला येईना. हार्ट अटॅकनं वर्गातल्या सगळ्यांचे आजोबा आधीच गेले होते. शेवटी तिला ताप लिहिता येत होता, म्हणून मी तापानं गेलो. जन्मभर केळीच्या गाड्या भरलेला माणूस, आणि साध्या तापानं गेलो. मला जरा कमीपणा वाटला, पण मार्कांचा प्रश्न होता.

बाकीचा मजकूर तिनं गाइडातून उतरवला आणि पाठ केला. रोज संध्याकाळी ती मला तो म्हणून दाखवायची. मला त्यातलं ग्रँडफादर तेवढं कळायचं. तो शब्द आला की मी मान हलवायचो, म्हणजे गेलो असं समजायचो. वर्षा स्वयंपाकघरातून म्हणायची, "नाना, रोज रोज मरू नका, वरण उतू जातं."

परीक्षेत तोच विषय आला. तेजू उड्या मारत घरी आली. मी देवाला साखर ठेवली. स्वतःच्या मरणाची साखर ठेवणारा खानदेशात मी एकटाच असेन.

मग तो भरिताचा रविवार आला. सुमन गेल्यापासून घरात भरीत झालंच नव्हतं. वर्षानं भीत भीत विचारलं आणि मी हो म्हटलं. बामणोदची वांगी आणली, गावाकडून कापसाच्या काड्या मागवल्या आणि गच्चीवर शेजारच्या सोनवणे भाऊंना जाळाशी बसवलं. मुलगा पाळीवर गेला होता, खाली वर्षा ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या तळत होती. घरात असा वास सुटला होता की मेलेला माणूस उठून बसेल.

तेवढ्यात बेल वाजली. दार मीच उघडलं. एक फिक्या साडीतल्या बाई, पदर दोन्ही खांद्यांवर घेतलेल्या. मागे एक सर, खांद्याला झोळी. दोघांचे चेहरे पडलेले.

मला वाटलं सुनेच्या माहेरचे कोणी असतील. मी म्हटलं, "या, या. बरोब्बर वेळेवर आलात. भरीत होतच आलंय."

बाईंनी सरांकडे पाहिलं. दोघं काही न बोलता आत आले, खुर्च्या सोडून भिंतीला टेकून सतरंजीवर बसले आणि खाली बघायला लागले. आमच्याकडे असं कोण बसतं हे लहान पोरही सांगेल. कोणी गेलं की माणसं दारावर येतात, बोलवावं लागत नाही, आणि येताना "कसं काय" विचारत नाहीत. ही माणसं दारावर आली होती.

"मी बोरसे मॅडम, तेजस्विनीला इंग्रजी शिकवते," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "हे आमचे चित्रकलेचे सर. काल पेपर तपासताना कळलं. पोरीनं वर्गात अक्षरही सांगितलं नाही हो. आपण त्यांचे कोण?"

आतल्या दारात तेजू उभी होती. तोंड पांढरं पडलेलं. ती मला हात हलवून नाही नाही करत होती. माझ्या डोळ्यांसमोर तोंडी परीक्षा उभी राहिली. मॅडमना कळलं की पोरगी खोटं लिहिते, तर मार्क गेले, कॉलेज गेलं, सगळं गेलं.

मी म्हणालो, "भाऊ."

"मयताचे?"

"हो. मयताचा मोठा भाऊ."

चित्रकलेचे सर म्हणाले, "चेहऱ्यावरून दिसतंच." (मयताला त्यांनी कधी पाहिलं होतं, देव जाणे.)

मॅडमची नजर भिंतीवर गेली. तिथे सुमनचा फोटो, हार घातलेला. "या कोण?"

"भावजय," मी म्हणालो. फोटोतल्या सुमननं माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली. मॅडमना वाटलं, दुःखानं घातली.

"आणि त्यांचा फोटो?"

"फ्रेमवाल्याकडे आहे."

तेवढ्यात वर्षा झारा हातात घेऊन बाहेर आली. मॅडम उठून तिच्याजवळ गेल्या. "सासरे गेल्याचं कळलं. फार वाईट झालं."

वर्षानं माझ्याकडे पाहिलं. तेजूनं तिला मागून चिमटा काढला. निबंधाचं सगळं वर्षाला माहीत होतंच. तिनं पटकन पदर तोंडावर ओढला आणि तिचे खांदे हलायला लागले. मॅडमनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "रडा, रडून घ्या. मोकळं होतं." खांदे आणखी जोरात हलले. आत पुऱ्या जळायला लागल्या म्हणून ती पळाली, नाहीतर तिथेच फुटली असती.

मॅडम परत बसल्या. "तुम्हाला एक स्पष्टच सांगते, काका. प्रसंग असा आहे, पण निबंधाला मला पाचापैकी दोनच देता आले."

"दोन?" माझा आवाज वर गेला. "माणूस मेला आणि दोन?"

"मरणाला मार्क नसतात, काका. सुरुवात आणि शेवट नीट आहे, भाषा ठीक आहे, त्याचे दिले. उरलेले मजकुराचे. आणि मजकुरात तुमचे भाऊ कुठेच नाहीत. प्रेमळ होते, लवकर उठायचे, गोष्टी सांगायचे. असे आजोबा मला त्या गठ्ठ्यात पुष्कळ भेटले. खरं आहे की खोटं, ते आम्हाला तपासता येत नाही, त्याचे मार्कही नसतात. वाचताना माणूस दिसला पाहिजे, बस."

म्हणजे खऱ्याखोट्याचे मार्कच नव्हते. मी उगाचच भाऊ झालो होतो. पण आता मागे कसं फिरणार? आणि खरं सांगायचं तर मला रागही आला होता. मी कुठेच नाही म्हणजे काय?

"तो तसा नव्हता," मी म्हणालो.

"मग कसे होते? सांगा ना," मॅडम म्हणाल्या.

मी सांगायला तोंड उघडलं आणि काही आठवेना. "तो गाड्या भरायचा. घरी यायचा. जेवायचा." मी थांबलो. "मग झोपायचा."

मॅडम वाट बघत होत्या. चित्रकलेच्या सरांनी घड्याळ पाहिलं. आता इथे माझं मरण पाचातल्या दोनावरूनही खाली येणार असं वाटलं.

"जेवायला काय आवडायचं त्यांना?" मॅडमनी, परीक्षेत अडलेल्या पोराला विचारावं तसं, मला विचारलं.

"भरीत. तिच्या हातचं," मी फोटोकडे बोट केलं. "ती वांगं बाजारातच हातावर तोलायची. हलकं असेल तेच घ्यायची, जड असलं की आत बी निघतं म्हणायची. जाळातून निघालं की चिमटा नाही, फडकं नाही, तसंच बोटांनी सोलायची. हात भाजत नाही का, विचारलं की म्हणायची, तुम्हले काय समजस. मग लाकडाच्या खोलगट बडगीत ठेचायची. देठं मात्र टाकायची नाही. देठाला जो गर राहतो ना, तो मला आवडतो. ती देठं बाजूला ठेवायची, माझ्या ताटात, पुरीखाली झाकून, म्हणजे पोरं मागणार नाहीत. स्वतः सगळ्यांच्या मागून बसायची, गार झालेलं खायची. दवाखान्यातसुद्धा विचारलं तिनं, वांगी आली का बाजारात. मी म्हटलं, येतील आता. तर वांगी यायच्या आधीच गेली."

मला वाटलं, मजकूर बरा झाला. मग माझ्या लक्षात आलं की मी 'माझ्या ताटात' म्हणालो होतो, आणि माझ्या गालावरून पाणी चाललं होतं.

मॅडमनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

तेवढ्यात जिन्यावरून सोनवणे भाऊ उतरले, हातात परात, परातीत काळी झालेली वांगी. दारातूनच म्हणाले, "ओ नाना, तेजूचे आजोबा, तुम्हाला वर बोलावून घसा सुकला माझा. झाली का नाही बघा बरं ही."

चित्रकलेचे सर दचकून सरळ बसले. तेजू धावत आली आणि मॅडमच्या पायाशी बसून रडायला लागली. "मॅडम, आजी गेली माझी. पण नाना तिचं लिहू देईनात. म्हणाले, मला मार."

मी हात जोडले. "मॅडम, चूक माझी. पोरीचे तोंडीचे मार्क कापू नका. माझे निबंधातले दोन कापा, मला चालेल."

मॅडमनी आधी तेजूला उठवून शेजारी बसवलं. माझं काळीज हलायचं ते सगळं हलून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "दोन आहेत ते दोनच राहतील."

"मी जिवंत निघालो त्याचा एक वाढवून मिळत नाही का?"

"उलट," चित्रकलेचे सर म्हणाले, "शेवट चुकला म्हणून एक कापायला पाहिजे."

पहिली वर्षा हसली, पदराशिवाय. मग मॅडम हसल्या आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. तेजूला म्हणाल्या, "तोंडीला मी तुला विषय देणार नाही. आत्ता नानांनी सांगितलं ते ऐकलंस ना? ते तुझ्या इंग्रजीत सांग. अडखळलीस तरी चालेल." आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "चालेल ना तुम्हाला?"

मी फोटोकडे पाहिलं. सुमनला काही अडचण दिसली नाही. तिचं नेहमीचंच होतं, व्हई जाई, होऊन जाईल.

"चालेल," मी म्हणालो.

दारावर आलेल्यानं त्या घरी जेवायचं नसतं, अशी आमच्याकडे रीत. मॅडम अडून बसल्या. मी म्हटलं, "ज्याच्यासाठी आलात तोच वाढतोय, आता कसली रीत?" तेव्हा बसल्या. चित्रकलेच्या सरांनी तीनदा भरीत मागून घेतलं. बेतलं त्यापेक्षा माणसं जास्त झाली आणि देठं सगळी त्यांच्याच ताटात गेली. पुरीखाली झाकून ठेवणारं कोणी नव्हतं.

तोंडी परीक्षेत तेजू बोलली. इंग्रजी मोडकंतोडकंच होतं म्हणे, भरिताला इंग्रजी शब्द सापडेना म्हणून ती सरळ भरीतच म्हणाली. मॅडमनी पुरे मार्क दिले. पुढे मार्चात बोर्डाचा पेपरही झाला, आणि निबंध बरा गेला असं ती म्हणते. निकाल यायचाय. मी रोज सकाळी देवाजवळ आणि फोटोजवळ दोन्हीकडे उभा राहतो, कोण ऐकेल सांगता येत नाही.

परवा तेजू म्हणाली, "नाना, आता तुमच्यावर एक निबंध लिहू का? जिवंतपणीचा. मॅडमना तपासायला देते."

मी म्हटलं, नको. मेलेल्याला त्यांनी दोन दिले, तेवढी इज्जत मला पुरे आहे.