पाठ फिरवा, भाऊ

"पाठ फिरवा, भाऊ."

मंडळी, पासवर्ड टाकण्याआधी तो एवढंच म्हणायचा आणि बोटाने हवेत एक गोल काढायचा. पांडेसऱ्यातल्या आमच्या रंगाईच्या मिलमध्ये त्या बोटापुढे सगळे सारखे. "शेठ, जरा ऊंधा फरो," असं गुजरातीत म्हणताच खुद्द शेठ फाइल छातीशी धरून भिंतीकडे तोंड करून उभे! मी तिथला बावीस वर्षं जुना डाईंग मास्तर. माझ्यासाठी शेठनी कधी खुर्चीसुद्धा फिरवली नव्हती. तेव्हापासून जळतोय.

तो आमचा कॉम्प्युटरवाला. डिंडोलीत राहणारा, खानदेशी, काटकुळा. मिलमध्ये नवं सॉफ्टवेअर आलं आणि त्यात कोणी काय पाहायचं, कोणी काय बदलायचं, हे तो ठरवू लागला.

पूर्वी रंग मीच बनवायचो, मीच पास करायचो. कापड हातात धरायचं, मान डोलवायची, संपलं. त्याने माझ्या नावापुढे 'रंग बनवणे' एवढ्यावरच टिक केली. 'रंग पास करणे' गेलं कापडाच्या घड्या घालायच्या, फोल्डिंगच्या टेबलावरच्या बाईंकडे!

"का रे, माझे डोळे गेले?"

"डोळे झकास आहेत, भाऊ. पण भाजी मी केली की मला कधीच खारट लागत नाही. बायकोला लागते."

मी त्याला लोचो खाऊ घातला. त्याने बोटं चाटूनपुसून निकाल दिला, "लोचो छान. टिक नाही."

एकदा बाईंनी माझा मोरपंखी परत पाठवला. मी कापड घेऊन तणतणत त्याच्याकडे गेलो. त्याने मला बाहेर उन्हात नेलं. उन्हात मोरपंखी चक्क निळा!

"आत ट्यूबलाइटखाली हिरवा होता," मी पुटपुटलो.

"असेल," तो हळूच म्हणाला. पुढे मिलमध्ये कोणाला एक शब्द सांगितला नाही. आता सांगा, माणूस बरोबर आणि वर चांगलाही! जळायचं तरी किती?

मग तो जवळच्याच सचिन गावातल्या एका मिलमध्ये निघाला. जाताना कोणाला कोणती टिक द्यायची हे सांभाळायचं काम त्याने माझ्या गळ्यात घातलं.

"मीच का?"

"कोणाला काय मिळालंय हे तुम्हाला तोंडपाठ आहे, भाऊ. माझ्याशी रोज त्यावरूनच तर भांडलात."

मला खुर्चीत बसवून तो म्हणाला, "नवा पासवर्ड टाका." आणि न सांगता स्वतःच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मी पासवर्ड टाकला. समोर माझंच नाव, पुढे 'रंग पास करणे'ची ती रिकामी चौकट. बाण अलगद तिच्यावर नेला.

"भाऊ," भिंतीकडे बघतच तो म्हणाला, "मोरपंखी."

मी माउसवरचा हात काढला.

चौकट अजून रिकामीच आहे. आता हवेत गोल मी काढतो. लोक फिरतात. शेठ मात्र माझ्यासाठी नुसती मान वळवतात, तीही अर्धी. त्याच्यासाठी अख्खे फिरायचे, मंडळी. अख्खे!