बंद फोनवरची बाई

दिवाळीनंतरचा तो महिना मी आणि माझ्या धाकट्या बहिणीनं नाटकांसाठी राखून ठेवला होता. आम्ही दोघी हिंगोलीत एकाच घरात राहतो. मी पोस्टातून निवृत्त झालेली, ती शिवणकाम करते. आमच्याकडे नाटकं वर्षभर येत नाहीत, पण हिवाळ्यात एकामागून एक येतात.

पहिल्या रविवारी एसटीनं नांदेडला जाऊन दुपारच्या प्रयोगाला एक संगीत नाटक पाहिलं. नायकाचा आवाज वरच्या पट्टीत चिरकत होता, तरी बहिणीनं वन्समोअर दिला. "त्याला बरं वाटंल," म्हणाली. परतीच्या वाटेवर ती गुणगुणत होती. कळमनुरी आलं तशी गप्प झाली.

कळमनुरी तिचं सासर. काही वर्षांपूर्वी तिचा नवरा दुसऱ्या बाईसोबत निघून गेला आणि ती माझ्याकडे आली. शेजारणींना सांगायची, ते पुण्याला कामाला आहेत. संध्याकाळी ओट्यावर बसून, दळण घेऊन जाणाऱ्या बायांना ऐकू जाईल अशा बेतानं, ती फोनवर त्याच्याशी बोलायची. 'जेवलात का? इकडं समदं बरं हाय.' फोन बंद असायचा. हे फक्त मला ठाऊक होतं आणि आमच्या आत्याच्या मुलाला. तो तेव्हा कॉलेजसाठी आमच्याकडे राहायचा, तिच्या हातचं जेवायचा. पुढे तो प्राध्यापक झाला, नाटकं लिहू लागला, आणि त्याचं आम्हा दोघींना कौतुकच होतं.

मधल्या आठवड्यात एका शाळेच्या हॉलमध्ये चित्रांचं प्रदर्शन होतं. बहीण एका चित्रापुढून हलेना. पाठमोरी बाई, समोर रिकामा रस्ता. "हिचं तोंड काहून न्हाई काढलं?" तिनं चित्रकाराला विचारलं. तो म्हणाला, बघणाऱ्यानं आपलं आपण ठरवावं. तिला ते उत्तर फार आवडलं. घरी येईपर्यंत तेच बोलत होती.

त्यानंतर गावातल्या नाट्यमहोत्सवात आमच्या या आतेभावाचं नवं नाटक लागलं. त्यानं स्वतः घरी येऊन पास दिले. बहिणीनं ठेवणीतली साडी नेसली. आम्हाला दुसऱ्या रांगेत बसवलं होतं.

पडदा उघडला तेव्हा रंगमंचावर एक ओटा होता. त्यावर एक बाई फोन कानाला लावून बसलेली. "जेवलात का?" ती म्हणाली.

मला आधी वाटलं, योगायोग असेल. मग तिनं फोन प्रेक्षकांकडे वळवून दाखवला, बंद असलेला, आणि हॉल खदखदून हसला. पुढे ती बाई शेजारणींना नवऱ्याच्या पगारवाढीचे पेढे वाटते, हेही आमच्याच घरात घडलेलं. लोक पुन्हा हसले. हळूहळू हसू थांबलं. शेवटी ती बाई वेडी होते आणि हातातल्या चपलेशी बोलू लागते. तेव्हा माझ्या मागच्या रांगेत बाया रडत होत्या.

वाईट याचं वाटतं की नाटक चांगलं होतं. ती नटी तर विलक्षण होती. बहीण ताठ बसून होती. सगळे टाळ्या वाजवायला उभे राहिले तेव्हा तीही उभी राहिली. टाळ्या मात्र तिनं वाजवल्या नाहीत.

बाहेर भाऊ हारतुऱ्यांत उभा होता. आम्हाला पाहून पुढं आला.

"कसं वाटलं, ताई?" त्यानं तिलाच विचारलं.

"मी येडी कधी झाले रे?" ती म्हणाली.

"ताई, ती तू न्हाईस. ते पात्र आहे. तुझं नाव कुठं घेतलं मी?"

"मी बायांना बसवून सांगितलं, ते मला टाकून गेलेत, आता येणार न्हाईत. माझ्या तोंडानं सांगितलं. मंग मशीन घेतली. तू तवा घरातच व्हतास. ते काहून न्हाई घेतलं?"

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. आजूबाजूला लोक होते. हळू आवाजात म्हणाला, "त्यात नाट्य नव्हतं गं."

मी त्याला खूप काही बोलले असते, पण बहिणीनं माझा दंड धरला आणि आम्ही रिक्षात बसलो. रस्त्यात ती एवढंच बोलली, "आधी इचारलं असतं तर मी न्हाई म्हणले नसते." मला ते खरं वाटलं, म्हणून जास्त लागलं.

नाटकाला बक्षीस मिळालं. पेपरात भावाचा फोटो आला. आत्यानं पेढे पाठवले, ते मी शेजारच्या लेकरांना देऊन टाकले. महिन्याअखेरीला आणखी एक विनोदी नाटक होतं. बहीण म्हणाली, "तू जा, मला ब्लाऊज द्यायचेत." मी एकटी गेले. शेजारची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर कुणीतरी पिशवी ठेवली. मी मध्यंतरात उठून आले.

घरी आले तर गल्लीतली एक बाई माप द्यायला आलेली. आमच्या ओट्यासमोरून दळण घेऊन जाणाऱ्यांतलीच.

"त्या दिवशीचं नाटक पाहिलं का तुमी?" ती बहिणीला विचारत होती. "मी तर लई रडले. अशा बी बाया असतात बघा."

बहिणीनं टेप उलगडला.

"व्हय, असतात," ती म्हणाली. "हात वर करा."