दवंडीबाई आणि बारदाना

आजवर कुणालाच सांगितलं नाही, ते आधी सांगून टाकतो. दवंडीबाईंनी आमच्या कंपनीचा प्रोग्रॅम गावोगावच्या लोकांना खुला केला, तेव्हा त्यातली एक फाईल मी मुद्दाम काढून ठेवली होती.

बाईंच्या पोटात काही म्हणता काही राहत नसे. परळीच्या धान्याच्या मोंढ्यात पिढीजात आडत असलेल्या घरातल्या त्या, कंपनीही त्यांचीच. नफा, तोटा, नव्या कॉम्प्युटरचा भाव, स्वतःचा दुखरा गुडघा, सगळं कंपनीच्या खालच्या हाटेलात चहा पिता पिता मोठ्यानं सांगून मोकळ्या. म्हणून नाव पडलं दवंडीबाई. त्यांना ते ठाऊक होतं. "दवंडीला बी छातीत दम लागतोय," म्हणायच्या. मी नेमका उलटा. मला त्या 'मुक्या' म्हणत.

आमचा प्रोग्रॅम आडत दुकानांसाठी होता. शेतकऱ्याच्या मालाचं वजन, भाव, कपात मांडून त्याची पट्टी काढून द्यायचा. पण दर मोंढ्याची रीत न्यारी, आणि दुरुस्त्या करणारे आम्ही चौघं. त्यात पुण्याच्या कंपन्या येऊ लागल्या, गिऱ्हाइकं तुटू लागली. बाजार खुला झाल्याचं रोज पेपरात यायचं. एक दिवस बाईंनी पेपर खाली ठेवला. "सरकारनं येवढा देश उघडला, आपली एक खोली उघडाया काय होतंय?"

"बाई, आतलं सगळं दिलं तर उद्या कुणीही आपलं दुकान मांडील."

"मांडू दे की. एकाच दुकानाचा मोंढा आसतोय का, मुक्या?"

इंटरनेट आमच्याकडं अजून यायचं होतं. आमचं काम मांजरसुंब्याच्या ढाब्यावर चाललं. प्रोग्रॅमच्या फ्लॉप्या एसटीच्या कंडक्टरजवळ द्यायच्या, तो त्या ढाब्याच्या गल्ल्यावर ठेवणार. बीड-पाटोद्याकडच्या ज्याला हव्या त्यानं न्यायच्या, सुधारून तिथंच आणून ठेवायच्या. दिवाळीपर्यंत बाहेरचं कुणी जोडलं गेलं नाही तर कंपनीला कुलूप, हेही बाईंनी हाटेलात जाहीर करून टाकलं.

फ्लॉप्या मी भरत होतो. बारदान्याची, म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन मालातून वजा करण्याची फाईल माझी, जिवापाड जपलेली. तिच्यावाचून प्रोग्रॅम चालत नसे. ती मी वगळली. लोक खटपट करतील, कंटाळतील आणि आमचं आमच्याकडं राहील, असा माझा हिशोब. कंपनीच राहणार नाही, हे मला दिसत होतं. तरीही वगळली.

बाई रोज विचारायच्या, "आलं का रे कायी?"

"नाही, बाई."

"येतंय येतंय. लोकायला यळ लागतोय."

दिवाळी तोंडावर आली आणि पाटोद्याचे टायपिंग क्लासवाले मास्तर स्वतःच एसटीनं येऊन हाटेलात दाखल झाले. आल्या आल्या गरजले, "काय ओ बाई, पोत्याचं वजन पोटातच ठिवलं का?"

हाटेल हसलं. बाईही हसल्या. "माझ्या पोटात कवा काय ऱ्हायलंय, मास्तर? चुकून ऱ्हायलं आसंल. चूक माझी. फ्लॉप्या मीच भरल्यात."

त्यांनी भरल्या नव्हत्या. मी बशीतला चहा बघत बसलो.

मास्तरांनी ती फाईल स्वतःच नव्यानं लिहून आणली होती. वर कंपनीत जाऊन चालवली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी प्रश्न उमटला: 'पोतं ठिगळाचं हाय का?' मी परळीतली कोरी पोती धरून एकच वजन ठोकून दिलं होतं. पाटोद्याला ठिगळं लावलेली जड पोती यायची. मात्र मास्तरांचा प्रोग्रॅम दोन प्रकारची पोती एका पट्टीत आली की अडखळायचा. "हे कावून आडतंय ते बगा की तुमी," ते मला म्हणाले. त्यांच्याशेजारी खुर्ची ओढून बसलो. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं भांडत, लिहीत होतो आणि मला, खरं सांगतो, लई बरं वाटत होतं.

मग बीडहून फ्लॉपी आली, पाठोपाठ आणखी आल्या. ढाब्यावरच्या फोडणीचा वास घेऊनच यायच्या. कुलूप लागलं नाही.

पुढं मला पुण्यात नोकरी लागली, ती याच कामाच्या जोरावर. "बाहेरच्या लोकांना जोडून घ्यायची कल्पना कुणाची?" असं मुलाखतीत विचारलं, तेव्हा मी बाईंचं नाव घेतलं, फाईलचं नाही. निघालो त्या दिवशी बाई गुडघा ओढत स्टँडवर आल्या आणि भरल्या एसटीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "ओ कंडक्टर, नीट न्या! आमच्या प्रोग्रॅमचा बाप हाय त्यो!" सगळी गाडी माझ्याकडं बघून हसली. मी खिडकीची काच ओढून घेतली.

आज तो प्रोग्रॅम इंटरनेटवर आहे. ज्यांनी परळी पाहिलेली नाही असे लोक त्यात भर घालतात, आणि ठिगळाचा प्रश्न अजून कुणी काढलेला नाही. बाई थकल्यात, पण हाटेलात जातात, अजून मोठ्यानं बोलतात. आणि मी? त्यांच्याआधी तुम्हालाच सांगत बसलोय. खोड जात नाही.

ती फाईल चुकून राहिली नव्हती, मी काढली होती. हे एक वाक्य मी बाईंचं देणं लागतो, तेही त्या हाटेलात, सगळ्यांना ऐकू जाईल असं.