यादीत न लिहिलेले दोन आरसे

डिसेंबर २००६, दुसरा रविवार, सकाळी साडेनऊ. जागा – नाशिक, कॉलेज रोडच्या मागे, देवरे सरांच्या स्टेशनरी दुकानावरचा हॉल. हजर – सोळा खेळाडू, त्यांत मी आणि माझा रूम पार्टनर ज्ञानेश्वर. पंच स्वतः देवरे सर.

इथवर सांगायला काही वाटत नाही. पुढचं मात्र आजवर कुणालाच सांगितलेलं नाही – बायकोलाही नाही. मी सगळं लिहून ठेवणारा माणूस. किराणा, कागदपत्रं, प्रवासाचं सामान – सगळ्याच्या याद्या. ही एकच गोष्ट कागदावर येऊ दिली नव्हती.

खेळ पत्त्यांचा, पण रमी नव्हे. राक्षस, योद्धे, मंत्र अशी चित्रं असलेले पत्ते. आपल्याकडच्या पत्त्यांतून चाळीस निवडून प्रत्येकाने स्वतःचा डेक बांधायचा आणि त्या चाळिसांची यादी खेळाआधी पंचांकडे द्यायची. यादीत नसलेला पत्ता डेकमध्ये निघाला, की तो खेळाडू बाद.

आम्ही सगळे एकाच पद्धतीने खेळायचो. मोठमोठे राक्षस भरायचे आणि समोरच्यावर सोडायचे. ज्ञाना नांदगावचा, त्याच्याकडे मोठे पत्ते फारसे नव्हतेच. त्याने बारक्या पत्त्यांचा डेक बांधला होता. "मोठा पत्ता हातात नुसता बसून राहतो, जावयावानी. बारका लगेच कामाला लागतो," असं म्हणायचा. समोरच्याला दमवायचा आणि मग हळूच मारायचा. खोलीवर रोज मला हरवायचा आणि वर म्हणायचा, "शेठ, अजून एक राक्षस घ्या!"

मी हसायचो. खरंच हसत होतो का?

स्पर्धा जिंकणाऱ्याला देवरे सर रविवारचा वर्ग देणार होते – नव्या खेळाडूंना शिकवण्याचा. मला त्यात काही रस नव्हता. ज्ञानाचे मात्र कॉलेजात विषय राहिले होते, घरचे परत बोलावत होते. हा वर्ग मिळाला असता, तर नाशिकमध्ये थांबायला त्याच्याकडे एक कारण झालं असतं. हे मला माहीत होतं. चांगलंच माहीत होतं.

त्याची यादी नेहमी मीच लिहायचो. पत्त्यांची नावं इंग्रजी, आणि तो म्हणायचा, "माझं अक्षर मेडिकलवाल्यालाच वाचता येईल. तूच लिही." त्या सकाळी जिन्यात त्याने मला गाठलं. "दोन भिंती काढल्या रे, दोन आरसे घातले. यादीत तेवढं बदल." भिंत म्हणजे हल्ला नुसता अडवणारा पत्ता, आरसा म्हणजे हल्ला करणाऱ्यावरच तो उलटवणारा. माझा सगळा डेक हल्ल्यावर उभा होता.

मी विसरलो – असं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. गर्दी होती, सर घाई करत होते. पण विसरलो होतो का? नाही. पेनचं टोपण काढलं होतं. भिंतीच्या ओळीवर टोक टेकवलंही होतं. मग टोपण लावलं आणि दोन्ही याद्या तशाच सरांच्या हातात दिल्या.

तक्रार आल्याशिवाय सर याद्या काढत नसत. त्यामुळे तेवढ्यावरही निभावलं असतं. पण शेवटच्या फेरीत समोरासमोर आम्ही दोघंच आलो. त्याने आरसा उलटला आणि माझा सगळ्यात मोठा राक्षस गेला. मी हात वर केला.

"सर, याची यादी बघता का एकदा?"

ज्ञाना निवांत होता – यादी मी लिहिली होती ना! सरांनी कागद दोनदा वाचला, डेक मोजला आणि नकारार्थी मान हलवली. तेव्हा तो माझ्याकडे वळला. "सांग ना रे त्यांना."

"त्याने सांगितलं तेवढंच लिहिलं, सर," मी म्हणालो.

मागून कुणीतरी ओरडलं, "चीटर! आरशात तोंड बघ, नांदगाव!" सगळे हसले. ज्ञानाने एकेक पत्ता गोळा केला. एक टेबलाखाली गेला होता, तो वाकून काढला. मी बघत राहिलो.

संध्याकाळी खोलीवर त्याने एकदाच विचारलं, "मी तुला जिन्यात सांगितलं व्हतं ना?" मी म्हणालो, "मला तरी आठवत नाही." महिन्याभरात तो गावी निघून गेला.

रविवारचा वर्ग मला मिळाला. मी तो वर्षभर घेतला, एकही रविवार न चुकवता. आणि शिकवलं काय? बारक्या पत्त्यांचा डेक कसा बांधायचा ते.

पुढे बऱ्याच वर्षांनी मालेगावला एका मित्राच्या लग्नात तो भेटला. नांदगावला मोटारपंप दुरुस्तीचं दुकान टाकलेलं, केस पिकलेले. माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, लय पद्धतशीर माणूस हाय हा. एकदा माझ्याच गडबडीनं घोळ झाला. याला सांगायचं माझ्या डोक्यातच राह्यलं, अन् मला वाटलं सांगितलं. उगाच याच्यावर संशय घेतला मी. मनातल्या मनात, पण घेतला."

तेव्हा तरी बोलायचं होतं, नाही का? तो समोर उभा होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे रे. मी कधीच मनात ठेवलं नाही."

म्हणजे – मी त्याला माफ केलं.

नांदगाव काही लांब नाही. सकाळच्या गाडीने गेलं, तर दुपारच्या जेवणाला परत येता येतं. ज्ञाना, तू जिन्यात मला सांगितलं होतंस – एवढं एक वाक्य त्याच्या दुकानात उभं राहून बोलायचं आहे. ते अजून राहिलेलं आहे.