आबांच्या फोनमधली मोटर

मोबाइल दुरुस्तीच्या धंद्यात सगळ्यात बिनमानाचा भाग कुठला असं कुणी विचारलं, तर मी डोळे मिटून व्हायब्रेटरची मोटर म्हणेन. डिस्प्ले फुटला की माणूस रडवेला होऊन येतो. बॅटरी फुगली की घाबरून येतो. फोन थरथरायचा बंद झाला म्हणून दुकानाची पायरी चढलेलं गिऱ्हाईक मात्र मी आजवर पाहिलेलं नाही. त्यामुळे पाण्यात पडलेला फोन आला आणि त्यातली मोटर गंजलेली निघाली, की आम्ही ती काढून टाकतो, तारांच्या टोकांवर पट्टी चिकटवतो आणि झाकण लावून मोकळे होतो. गिऱ्हाइकाला कळत नाही आणि आपल्याला पाप लागत नाही, असा एकूण समज.

साताऱ्यात स्टँडजवळ माझं दुकान आहे. मी बाई असल्यामुळे येणारा प्रत्येक जण आधी माझ्या मागच्या भिंतीकडे बघतो आणि "मालक कुठायत?" असं विचारतो. मी सांगते, मालक जेवायला गेलेत, तोवर फोन माझ्याकडे द्या. मालक जेवून यायच्या आत फोन सुरू होतो आणि माणूस "मालकांना सांगा हं, छान केलंय" म्हणून निघून जातो. मालकांना मी निरोप पोचवते.

माझे वडील, आमचे आबा, माधवनगरला राहतात. आई गेल्यापासून एकटेच. उभं आयुष्य त्यांनी यंत्रमागावर काढलं आणि मागांच्या खडखडाटानं त्यांचे कान पार नेले. हे मला माहीत होतं, शेजाऱ्यांना माहीत होतं, कोपऱ्यावरच्या चहावाल्यालाही माहीत होतं. मान्य नव्हतं ते एकट्या आबांना. त्यांच्या मते बिघाड बाकीच्या जगात होता. "हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलत्यात. खायला मिळत न्हाई का काय त्यास्नी?" मी कानाचं मशीन आणून दिलं, तर ते त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि परत डबीत ठेवलं. "चांगली वस्तू हाय. एखाद्या बहिऱ्याला दे."

समोर बसलं की त्यांचं काही अडायचं नाही. मागांच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू जात नसे, म्हणून तिथली माणसं आवाज न काढता तोंडं मोठी करून बोलायची आणि एकमेकांचे ओठ वाचायची. आबा त्यात पक्के मुरलेले. घरी आलेल्या पाहुण्याला उठेपर्यंत शंका यायची नाही. आम्ही भावंडंही ते शिकलो होतो, मुख्यतः आईच्या पाठीमागे तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवण्यासाठी. पण फोनला ओठ नसतात.

धाकटा भाऊ पुण्यात अकराव्या मजल्यावर राहतो. आबांची त्याला फार काळजी आहे, आणि ती अगदी वेळेवर येते. संध्याकाळी घरी जाताना गाडी सिग्नलला थांबली की येते. सिग्नल सुटायच्या आत आबांनी फोन उचलावा एवढीच त्याची माफक अपेक्षा. आबा उचलायचे नाहीत. मग तो मला फोन करायचा. "ताई, ते पडले असतील तर? दिवाळीपर्यंत बघतो, नाहीतर त्यांना इकडे घेऊन येतो." वर्षातून दोनदा येणाऱ्या भावाला आबा हट्टी झालेत एवढंच दिसलं होतं. कानांचं मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दिवाळीची तरी वाट त्यानं कशाला पाहिली असती?

आबा एकदाच त्या अकराव्या मजल्यावर राहून आले होते. चौथ्या दिवशी परत आले. "खाली उतरायचं म्हटलं तरी बटण दाबाय लागतंय. आन् उतरून जायचं कुटं?" त्या घरात त्यांना पुन्हा नेलं तर ते वर्षही काढणार नाहीत, हे मला कोरड्या डोळ्यांनी दिसत होतं.

तेव्हा मला आमच्या त्या बिनमानाच्या मोटरची आठवण झाली. आबा फोन बंडीच्या आतल्या खिशात, छातीशी ठेवतात. रिंग नाही ऐकू आली तरी थरथर कळायला हवी होती. माणूस मुद्दाम उचलत नाही, नुसता अभिमान, असं मनाशी म्हणत, तरी मोटर एकदा तपासावी म्हणून मी एका रविवारी हत्यारं घेऊन एसटीनं माधवनगर गाठलं. ओट्यावर बसून त्यांचा बटणाचा फोन खोलला.

मोटरची जागा रिकामी होती. दोन तारा नीट दुमडलेल्या, टोकांवर पिवळी पट्टी. ती पट्टी मी लगेच ओळखली, कारण एवढी सरळ कापलेली पट्टी माझीच असते. गेल्या पावसाळ्यात फोन बादलीत पडला होता, तेव्हा मीच तो सुकवून दिला होता आणि आबांना व्हायब्रेटर काय करायचाय, असा विचारही मीच केला होता. म्हणजे वर्षभर आबा फोन उचलत नव्हते, भाऊ मला बोल लावत होता, मी आबांच्या अभिमानाला शिव्या देत होते, आणि मूळ कारागीर ओट्यावर पेचकस धरून बसली होती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी आबांकडे पाहिलंच नाही.

बरं, मोटर आणायची कुठून? रविवार, दुकानं बंद. मग माझी नजर कॅलेंडरच्या खिळ्याकडे गेली. भावानं पाठवलेलं नाडी मोजणारं घड्याळ तिथं पहिल्या दिवसापासून लटकत होतं. "नाडी माझी, ह्येला कशाला सांगू?" म्हणून आबांनी ते मनगटाला लावलंच नव्हतं. मी ते उघडलं. भावानं सांगितलेल्या किमतीचं ते नव्हतं एवढं आत बघितल्यावर कळलं, पण शर्टाच्या बटणाएवढी चपटी मोटर ठणठणीत होती. लाल तार, निळी तार. ही मोटर मला त्या दिवशी फार समजूतदार वाटली. तारा उलट्या जोडल्या तर उलटी फिरते, पण रुसत नाही, हलतेच. आमच्या घराण्यात असं कुणी नाही.

मी तारांना सोल्डर मारलं, मोटर जुन्या खाचेत बसवली आणि माझ्या फोनवरून रिंग दिली. माशी अडकल्यासारखी नुसती गुणगुण झाली. खाच लांबट, मोटर गोल, ती आत सैल खेळत होती. आबा इतका वेळ माझे हात बघत होते. त्यांनी फोनवर तळवा ठेवला. पूर्वी ते मागाच्या चौकटीवर असाच तळवा ठेवायचे आणि कुठं काय ढिलं झालंय ते सांगायचे.

"सैल हाय," ते म्हणाले. "सैल असलं की नुसता आवाज हुतोय, काम हुईत न्हाई. अंगाला घट्ट चिकटीव."

मी तारा वाढवल्या, दुहेरी चिकटपट्टी घेतली आणि मोटर मागच्या झाकणाला आतून दाबून बसवली. फोन बंडीत गेला, मी रिंग दिली, आणि आबा विंचू चावल्यासारखे उठले. मग खाली बसले आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "रिंग आता जरा बरी ऐकाय येत्या."

त्या दिवसापासून आबा प्रत्येक फोन उचलू लागले. भाऊ खूश. "ताई, बघ, जरा दम दिला की सुधारतात माणसं." मीही खूश. दुकानात येणाऱ्या जाणाऱ्याला मी व्हायब्रेटरचं महत्त्व सांगू लागले. फोन उचलल्यावर आबा आत काय ऐकतात, हा प्रश्न मला पडला नाही. कारागिराला असले प्रश्न पडत नाहीत, मोटर हलली की त्याचं काम संपतं.

दिवाळीआधीच्या रविवारी मी आबांसमोर चहा पीत बसले होते. बंडी थरथरली. आबांनी ऐटीत फोन काढला, कानाला लावला. आवाज पूर्ण वाढवलेला, भावाचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता.

"आबा, मी काय म्हणतो, आता एकटं राहणं पुरे. शनिवारी गाडी घेऊन येतो. तुमचं सामान आणू, घर भाड्यानं देऊ. चालेल ना?"

"बरं, बरं," आबा म्हणाले. "जेवलास का? चालतंय, चालतंय. ठेव."

आणि ठेवला. आधी फोन उचलत नाहीत म्हणून न्यायचं होतं, आता उचलतात म्हणून विचारून न्यायचं ठरलं. लगेच माझा फोन वाजला. "ताई, आबा हो म्हणाले! एका शब्दात! उगाच घाबरत होतो मी."

मी काहीतरी पुटपुटून फोन बंद केला. आबांनी ऐकलंच नाही असं सांगावं, तर बहिऱ्या माणसाला एकटं ठेवतेस होय, म्हणून तो नेणार. गप्प बसावं, तर हो म्हणाले म्हणून नेणार. माझा चेहरा पडला असणार. आबा माझ्याकडे टक लावून बघत होते. मग जन्मात विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं.

"फोनवर काय म्हणाला गं त्यो?"

मी मागावरच्यासारखं, आवाज न काढता, तोंड मोठं करून सगळं सांगितलं. शनिवार. गाडी. घर भाड्यानं. तुम्ही हो म्हणालात. आबांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी स्वतः फोन लावला, तो उचलला गेला की नाही हे मला डोळ्यांनी विचारलं आणि मी मान हलवल्यावर बोलले.

"हे बघ, मला ऐकू येत न्हाई. लय वर्सं झाली. मगाशी काय बोललास ते मला कळलं न्हाई, उगं व्हय म्हणालो. मी हे घर सोडून कुटं बी येणार न्हाई. बोलायचं असंल तर हितं ये आन् म्होरं बसून बोल."

फोन बंद. लगेच तो त्यांच्या मुठीत थरथरायला लागला. त्यांनी तो माझ्या हातात दिला. "तू बोल. आन् त्यो म्हणंल ते मला जसंच्या तसं सांग. एक शबूद गाळायचा न्हाई."

"ताई," भाऊ म्हणाला, "तुला हे माहीत होतं?"

मी ओठांनी आबांना सांगितलं, की तो असं विचारतोय. मग फोनवर मी म्हणाले, हो.

"मग इतकी वर्षं तू केलंस काय?"

हेही गाळता येत नव्हतं. "फोनमधनं मीच काढून टाकलेली मोटर परत बसवली," मी म्हणाले, आणि तेच आबांकडे बघून पुन्हा म्हणाले. आबांचा चेहरा हलला नाही. पलीकडे भावाच्या मागं गाड्यांचे हॉर्न वाजत होते, सिग्नल सुटला असावा.

"शनिवारी येतो," तो शेवटी म्हणाला. "गाडीत सामान नाही आणायचं. नुसता येतो. दोन दिवस राहतो."

मी आबांकडे वळले. शनिवारी म्हणायला तोंड उघडलं, पण ओठ थरथरायला लागले, शब्दाचा आकारच होईना. आबा पुढं वाकून, डोळे बारीक करून बघत होते.

"रडू नगंस गं," ते म्हणाले. "रडलीस की मला व्हट वाचता येत न्हाईत."