फाटकाबाहेर ठेवायची भाषा

सेन्योरा सकाळी शाळेच्या फाटकातून आत शिरल्या की आधी कुलपं बघायच्या, मग माणसं. मुलांसाठी स्पॅनिश शिबिर चालवणाऱ्या या बाईंचं खरं नाव मुलांना ठाऊक नव्हतं आणि मोठे विसरले होते. वय अठ्ठावन्न, बांधा किरकोळ, चष्मा कायम कपाळावर आणि नजर चौफेर. दर सुट्टीत दोन आठवडे शाळेचा तळमजला त्यांच्या ताब्यात असायचा. रंगखडू मोजून द्यायच्या, मोजून परत घ्यायच्या. कात्र्यांवर नंबर टाकलेले होते. एखादं मूल पोट धरून उभं राहिलं तर त्याला आज पाढ्यासारखे क्रियापदांचे तक्ते म्हणायचे आहेत का, हे त्या आधी आठवून बघायच्या. नवरा म्हणायचा, "ही आरशातल्या बाईलाही ओळखपत्र मागेल." सेन्योरांना त्यात हसण्यासारखं काही वाटायचं नाही.

तसं त्यांचंही अगदीच चुकत नव्हतं. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या एका बाईने काही वर्षांपूर्वी त्यांची गाणी, त्यांचे खेळ आणि निम्मी मुलं उचलून समोरच्याच रस्त्यावर वर्ग थाटला होता. त्या दिवसापासून मनात शिरलेला संशय काही बाहेर पडायचं नाव घेईना.

शिबिराचा नियम एकच, पण कडक. सकाळी फाटकाशी टेबल टाकून सेन्योरा बसायच्या. प्रत्येक मुलाला पुठ्ठ्याचा पासपोर्ट आणि एक स्पॅनिश नाव मिळायचं, आणि घरची भाषा फाटकाबाहेर ठेवायची. शेवटच्या घंटेपर्यंत जे काही बोलायचं ते स्पॅनिशमध्ये. दिवसभर नियम पाळला की एक शिक्का. दहा शिक्के झाले की शेवटच्या दिवशी हातपंख्यांच्या नाचात जागा. चुकून घरचा एक शब्द निघाला तरी शिक्का कापला. आईबापांना हे भारी आवडायचं. पोरगं घरी गप्प बसत नाही, इथे तरी बसतं, असं एक वडील म्हणाले होते, आणि सेन्योरांनी ते कौतुक म्हणून घेतलं होतं.

यंदा मुख्याध्यापकांनी दोन गोष्टी एकदमच सांगितल्या. पुढच्या वर्षीपासून तळमजला सुट्टीभर एकाच शिबिराला मिळेल, आणि तो कुणाला द्यायचा ते शेवटच्या दिवसाचा कार्यक्रम बघून ठरेल. शिवाय मदतीला म्हणून एक नवी बाई दिली. ही सहा वर्षं स्पेनमध्ये राहून आलेली, जेमतेम तिशीची, आणि स्पॅनिश अशी बोलायची की नळ सोडल्यासारखी. सेन्योरांच्या मनात पाल चुकचुकली. न मागता मदत देणारा मुख्याध्यापक त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

पहिल्याच दिवशी नव्या बाईने त्यांना बाजूला घेऊन लांबलचक काहीतरी विचारलं, अर्थात स्पॅनिशमध्ये, कारण नियम बायांनाही होता. सेन्योरा ही भाषा एका म्हाताऱ्या मास्तरांकडून आणि कॅसेटी झिजवून शिकलेल्या. समुद्र त्यांनी कधी ओलांडला नव्हता. वाक्याचं डोकं कळलं, शेपूट कळलं, मधलं सगळं हातावर तुरी देऊन पळालं. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली आणि "सी, सी", म्हणजे हो, हो, असं म्हटलं.

बुधवारी पंखा हरवला. मास्तरांनी दिलेला काळा रेशमी पंखा, नाचात सगळ्यात पुढच्या मुलीच्या हातात द्यायचा. सेन्योरांच्या तोंडचं पाणी पळालं. कपाटाशी सकाळी कोण होतं याची चौकशी झाली तेव्हा सगळ्यांनी पालोमाकडे पाहिलं. पालोमा हे तिचं शिबिरातलं नाव. सात वर्षांची, दोन वेण्या घालणारी, नाचाच्या सरावात सगळ्यात पुढे तिचीच जागा. सेन्योरांनी स्पॅनिशमध्ये विचारलं, पंखा कुठे आहे? पोरीने तोंडातून ब्र काढला नाही. नुसतं कपाटामागे बोट दाखवलं. कपाट सरकवलं तर पंखा भिंतीशी पडलेला. झालं, सेन्योरांचा निकाल तयार होता. जिला जागा माहीत, तिनेच लपवला. पालोमाचे तीन शिक्के एका ओळीत कापले गेले आणि नाचातली जागा दुसरीला गेली. पोरगी रडलीसुद्धा नाही. चोर निर्ढावलेलाच असतो, असं सेन्योरांनी घरी नवऱ्याला सांगितलं.

त्यानंतर त्यांना दुसरंच काहीतरी खुपायला लागलं. मधल्या सुट्टीनंतर नवी बाई रोज दोन-तीन मुलांना घेऊन मागच्या जिन्यावर जायची. दहा मिनिटांत परत. पालोमा त्यात रोज. सेन्योरा जवळ गेल्या की सगळे चिडीचूप. त्यांनी वॉचमनकाकांना लक्ष ठेवायला सांगितलं. काका दोन दिवसांनी म्हणाले की मुलं तिथे घरच्यासारखं बोलतात आणि बाई वहीत लिहून घेते. सेन्योरांना वेगळा पुरावा नको होता. नावं, फोन, पत्ते! पुढच्या वर्षीच्या शिबिराची यादी तयार होत होती, आणि तीही त्यांच्याच जिन्यावर.

सोमवारी पालोमा आली नाही. मंगळवारीही नाही. सेन्योरांच्या मते पहिलं मूल फुटलं होतं. दुपारी शिक्षकांच्या खोलीत कुणी नाही असं बघून त्यांनी नव्या बाईची पिशवी उघडली. आपण हे काय करतोय, असं एकदा मनात आलं. पण हात थांबला नाही.

वहीत फोन नव्हते. मुलांची खरी नावं होती आणि प्रत्येकापुढे एक-दोन ओळी, घरच्या भाषेत. "मुलांच्या संडासाची कडी लागत नाही, म्हणून दिवसभर जात नाही." "आजी दवाखान्यात आहे, गाणं म्हणावंसं वाटत नाही." "कान दुखतो." हे कान दुखणारं मूल कालच त्यांनी कंटाळा करतोय म्हणून उभं केलं होतं. चौथ्या पानावर पालोमाचं खरं नाव होतं. "पंखा मी घेतला नाही. सुतारांनी कपाट हलवलं तेव्हा तो मागे पडला. मी बघितलं. म्हणून बोट दाखवलं. पडला याला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात ते मला येत नव्हतं."

सेन्योरांनी ते तीनदा वाचलं. मान वर केली तेव्हा नवी बाई दारात उभी होती.

"मला का नाही सांगितलंस?" सेन्योरांनी विचारलं. आवाज चढवायचा होता, चढला नाही.

"सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी. मुलांना रोज दहा मिनिटं त्यांच्या भाषेत बोलू द्यायचं का, असं विचारलं होतं. तुम्ही हो म्हणालात."

"आणि पंख्याचं?"

"ते शुक्रवारी सांगितलं. तेव्हाही तुम्ही मान डोलावलीत."

सेन्योरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला कळलं नव्हतं, हे तीन शब्द त्यांनी शिबिराच्या एकोणीस वर्षांत कुणालाही म्हटले नव्हते. ते त्यांनी त्या खोलीत म्हटले, आणि मग त्या खुर्चीवर बसल्या.

संध्याकाळी त्या पालोमाच्या घरी गेल्या. दार तिच्या आईने उघडलं. आत या म्हणाली, पण बसा म्हणाली नाही. मुलगी सकाळी शिबिराचं नाव काढलं की उलट्या करते, कारण काही सांगत नाही, आणि उद्या मी मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार देणार आहे, असं तिने एका दमात सांगितलं. एरवी सेन्योरांना आधी ही तक्रार कुणी शिकवली ते कळायला हवं असतं. तळमजल्याचा निकाल या कागदावर लागणार, हे त्यांना दिसत होतं.

"द्या," त्या म्हणाल्या. "चोरी झालीच नव्हती. चूक माझी आहे. तेही त्यात लिहा."

आई जराशी गोंधळली आणि बाजूला झाली. पालोमा जेवणाच्या टेबलाशी रंगीत कागद कापत होती. सेन्योरा तिच्या समोरच्या खुर्चीवर टेकल्या आणि घरच्या भाषेत, जिच्यात त्या या मुलीशी एक शब्दही कधी बोलल्या नव्हत्या, म्हणाल्या की पंखा तू घेतला नव्हतास, मला आता कळलंय, माझं चुकलं, तू रागाव, ओरड, काय हवं ते बोल.

पोरीने कात्री खाली ठेवली. तिने सेन्योरांकडे वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं, पासपोर्ट आणलाय का ते बघत असावी. शेवटी अगदी हळू आवाजात विचारलं,

"आत्ता बोलले तर शिक्का कापणार का?"

"नाही गं. हे शिबिर नाहीये. हे तुझं घर आहे."

पालोमाने आईकडे पाहिलं, मग दाराकडे. मग ओठ घट्ट मिटून ती पुन्हा कागद कापायला लागली.