खंडेनवमीचा फोन

माझ्या आत्याच्या घरी खंडेनवमीला पाटावर दोन तलवारी, एक कट्यार आणि एक मोबाइल मांडतात. तलवारी दक्खनेतून ग्वाल्हेरला आलेल्या कुणा खापरपणजोबाच्या. त्या उपसलेल्या पाहिल्याचं आज जिवंत असलेल्या कुणाला आठवत नाही. मोबाइल मात्र दर वर्षी नवा असतो. आत्तेभाऊ, ज्याला मी दादा म्हणते, दर नवरात्रात जुना फोन नया बाज़ारातल्या दुकानात देतो आणि वर पैसे भरून त्याच कंपनीचा, त्याच काळ्या रंगाचा नवा आणतो. आत्या त्याला हळदकुंकू लावते, झेंडूचं फूल वाहते. मग कॅमेऱ्याच्या काचेवरचं कुंकू दादा बनियनच्या टोकानं पुसतो.

त्या वर्षी पूजा झाल्यावर आम्ही गच्चीवर होतो. मी विचारलं, "यात नवं काय आहे?"

"कॅमेरा बघ. प्रोसेसर बघ. तुला नाही समजायचं, तू तर अजून ती ईंट चालवतेस."

ईंट म्हणजे वीट, म्हणजे माझा फोन. काचेला तडा, मागचं झाकण रबरबँडनं बांधलेलं. दादानं नव्या फोनमधून समोरच्या किल्ल्याचा फोटो काढला आणि मला पाठवला. गेल्या दसऱ्याला त्यानं त्याच गच्चीवरून, गेल्या वर्षीच्या फोनमधून काढलेला फोटो माझ्याकडे होताच. मी दोन्ही एकामागून एक उघडून त्याच्यासमोर धरले. "सांग, नव्यातला कुठला?"

त्यानं निरखून पाहिलं, आकाश मोठं केलं, बुरूज मोठा केला आणि मोठ्या खात्रीनं गेल्या वर्षीच्या फोटोवर बोट ठेवलं.

आत्या पापड वाळत घालत होती. ती हसली. "अरे, मग पूजा जुन्याचीच करायची होती."

"हसू नकोस, मम्मी," दादा म्हणाला. मग त्यानं माझ्या हातावर अशी चापट मारली की माझा फोन उडून गच्चीच्या फरशीवर आपटला आणि झाकण एकीकडे, बॅटरी दुसरीकडे गेली. मी सगळं गोळा केलं, बसवलं, रबरबँड चढवलं. फोन सुरू झाला. "मरत पण नाही साली," दादा म्हणाला आणि या वेळी तोही हसला. माझं मनगट संध्याकाळपर्यंत लाल होतं.

मी पत्रकांवर वाढले. बाबा ज्या गिरणीत होते ती माझ्या जन्माआधीच बंद पडली, पण ते पत्रकं काढत राहिले. पाण्यावर, विजेवर, पेन्शनवर. जयेंद्रगंजमधल्या एका लहानशा छापखान्यात ती छापली जायची आणि आमच्या घरात गठ्ठ्यांनी असायची. मी अक्षरं त्यांच्यावर शिकले, मुद्रितं तपासायलाही तिथेच शिकले. बाबांचा एक नियम होता: मोघम लिहायचं नाही. 'काही लोकांनी' असं मी कधी लिहिलं तर ते लाल शाईनं खोडायचे. "नाव घ्यायची हिंमत नसेल तर कागद वाया घालवू नकोस."

म्हणून इथेही मोघम लिहीत नाही. मी शाळेत असताना दर एक-दोन वर्षांनी फोन खरोखर बदलायचा. आधी रंग आला, मग कॅमेरा, मग नकाशा, मग हातात इंटरनेट. प्रत्येक वेळी काल न जमणारं काही तरी आज जमायचं. ते आता थांबलं आहे. आता कॅमेऱ्याचं भोक जरा सरकतं, कडा जरा चपट्या होतात आणि जाहिरात तितक्याच जोरात ओरडते. ज्याचा फोन फुटला त्यानं नवा जरूर घ्यावा. पण चालता फोन दर वर्षी बदलणाऱ्याला दुकानदार नवं काही विकत नसतो. तो त्याला गेल्या वर्षीच्या स्वतःचीच लाज विकत असतो. आणि त्यासाठी कुठे तरी जमीन फोडली जाते, कुठे तरी कुणी तरी जुन्या फोनांचा ढीग जाळून त्यातलं तांबं काढतं आणि तो धूर छातीत भरून घेतं. मी हे दादाला अनेकदा सांगितलं. "फालतूचं ज्ञान नको देऊस, पॅम्फलेट," तो म्हणायचा. घरात माझं नाव तेच पडलं होतं.

कोजागिरीच्या संध्याकाळी आत्यानं आम्हा दोघांना केशर-पिस्ते आणायला धाडलं. परतताना आम्ही स्कूटर लावून फूलबागेपाशी टिक्कीच्या ठेल्यावर थांबलो. बरीच गर्दी होती. दादा हेल्मेट दंडाला अडकवून खात होता आणि मधूनमधून त्याचा हात सवयीनं कुर्त्याच्या खिशाकडे जात होता. एकदा तो हात तिथेच थांबला.

"फोन," तो म्हणाला.

त्यानं दुसरा खिसा चाचपला, मग पुन्हा पहिला. मग त्याची नजर ठेल्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या एका तरुणावर गेली. तो ई-रिक्षाला टेकून कुणाशी तरी फोनवर बोलत होता. काळा फोन, खालचा एक कोपरा चेपलेला.

दादा थेट गेला. "ये मेरा फोन है."

"आपका कैसे, भैया? मैंने परसों ख़रीदा है. नया बाज़ार से."

"परसों," दादा म्हणाला आणि त्याच्या तोंडात मारली.

फोन त्या माणसाच्या हातातून निसटला, रस्त्यावर आपटला. काच फुटली, पडदा काळा पडला. तो उघडून दाखवता आला असता, तर सगळं तिथेच संपलं असतं. तो उघडण्याजोगा उरला नाही. "ये कोना देखो," दादा जमलेल्यांना सांगत होता, "मेरे हाथ से सीढ़ी पे गिरा था, मैं अपना फोन नहीं पहचानूँगा?" तो खरंच सांगत होता. कोपरा मीही ओळखला. गणपतीत त्याच्या हातून पायरीवर पडून तो चेपला होता.

आणि त्याच क्षणी मला कळलं. पडला होता तो जुना फोन. नव्याला खरचटलेलंही नव्हतं. समोर रस्त्यावर होता तो त्यानं नवरात्रात दुकानात देऊन टाकलेला फोन. वर्षभर हाताळलेला, म्हणून हातानं ओळखलेला. नव्याची अजून त्याला ओळखच झाली नव्हती.

"दादा, तो जुना आहे," मी ओरडले. "दादा, तू विकलास तो."

कुणी ऐकलं नाही. 'चोर' हा शब्द एकदा उच्चारला गेला की ऐकण्याचं काम संपतं. टिक्की खाणाऱ्या हातांनी द्रोण खाली टाकले. ज्यांचा कुठलाच फोन चोरीला गेला नव्हता, त्यांनी त्याला खाली पाडलं. एकानं छातीवर लाथ घातली, एकानं केस धरून डोकं वर केलं, म्हणजे दुसऱ्याला मारता यावं. हाडावर बूट बसल्याचा आवाज बाहेरून ओला, मऊ येतो. तो माणूस आधी "रसीद है" म्हणत होता, मग "भैया" म्हणत होता, मग नुसता आवाज काढत होता. चार-पाच जण फोन वर धरून चित्रण करत होते. त्यांच्या हातातले सगळे फोन मला सारखेच दिसले.

मी मध्ये घुसायला गेले आणि कुणाचं तरी कोपर माझ्या दातांवर बसलं. तोंडात रक्त आलं. मी मागे झाले, माझी ईंट काढली आणि दादाचा नंबर लावला.

घंटी वाजली. आमच्या स्कूटरच्या सीटखालून. डिकीत, केशराच्या पुडीशेजारी. गर्दीत कुणी चोरू नये म्हणून दादानंच तो तिथे ठेवला होता आणि विसरला होता.

स्कूटर त्याच्या मागेच होती. पहिल्या घंटीला तो थबकला. वळून स्कूटरकडे पाहिलं. मग माझ्याकडे, माझ्या कानाशी लावलेल्या फोनकडे पाहिलं. हेल्मेट त्याच्या हातात होतं. घंटी वाजत होती. लोक त्याच्याकडे बघत होते, पुढे काय करायचं ते आता त्यानं ठरवावं म्हणून.

त्यानं हेल्मेट उचललं आणि खाली पडलेल्या माणसाच्या तोंडावर मारलं.

मग सगळे पांगले. मारणारे लोक किती लवकर संध्याकाळी फिरायला निघालेले लोक होतात, हे मी तेव्हा पाहिलं.

त्या माणसाचा जबडा मोडला आणि डावा डोळा गेला. डोळ्यावरची जखम हेल्मेटच्या कडेची होती, असं रुग्णालयात सांगितलं गेलं. ठाण्यात तक्रार नोंदली गेली ती अज्ञात लोकांविरुद्ध. गर्दी अज्ञात, हेल्मेट अज्ञात.

दुसऱ्या दिवशी आत्या आमच्याकडे आली. डोळे सुजलेले, हातात कोजागिरीच्या दुधाचा डबा. बाबांना म्हणाली, "भाऊ, गैरसमज झाला हो पोराचा. फोन तर त्याचाच निघाला ना, जुना का होईना. कुणाचीही फसगत होईल." मग माझ्याकडे वळली. "तू तिथे होतीस. तू काही पाहिलं नाहीस. तो त्या माणसाला फोन घेऊन देतोय. अगदी या वर्षीचा."

"डोळा गेलाय त्याचा, आत्या."

"मग काय माझ्या पोराचाही काढू?"

तिनं मला लहानपणी न्हाऊमाखू घातलं आहे. बाबा तिला दारापर्यंत सोडून आले, डबा ओट्यावर ठेवला आणि मला काहीच म्हणाले नाहीत. त्या वेळी मला त्यांच्या लाल शाईचा राग आला.

कारण पेच एवढाच होता. घंटीआधीचं सगळं गैरसमज म्हणून खपलं असतं. घंटीनंतरचा एक घाव खपण्याजोगा नव्हता, आणि तो घंटीनंतरचा होता हे मी आणि दादा सोडून कुणाला ठाऊक नाही, असं मला वाटत होतं. मी गप्प बसले असते तर दादा एक फसलेला मनुष्य होता.

मी रुग्णालयात गेले. तो माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता. जबडा तारांनी बांधलेला, अर्धा चेहरा पट्टीत. उशाशी त्याची बायको बसली होती. मी कोण ते तिला सांगितलं. मला वाटलं ती हाकलेल. तिनं नवऱ्याच्या खांद्याला हात लावला. तो वळला, एका डोळ्यानं मला बघितलं आणि माझ्या हातातल्या फोनकडे बोट केलं. मी तो दिला. तडा गेलेल्या काचेवर त्यानं अंगठ्यानं सावकाश टंकलं आणि परत दिला.

'घंटी मैंने भी सुनी थी.'

तिथून मी ठाण्यात गेले. हवालदारानं बयान लिहून घेतलं. नाव, पत्ता, वेळ, जागा. आरोपीचं नाव मी सांगितलं तेव्हा त्यानं पेन उचलून धरलं. "आपके क्या लगते हैं?"

"भाई."

"सगे?"

"बुआ के बेटे."

"घर में बात कर ली है? एक बार काग़ज़ पर आ गया तो..."

"लिखिए," मी म्हणाले.

लिहून झाल्यावर त्यानं कागद माझ्याकडे सरकवला. "साइन कर दीजिए." मी आधी वाचला, मुद्रित वाचतात तसा, प्रत्येक शब्दावर बोट ठेवून. सगळं होतं. फक्त हेल्मेटच्या वाक्यातून 'घंटी बजने के बाद' एवढं गळालं होतं. चुकून की जाणून, मला माहीत नाही.

मी कागद परत केला. "इथे," बोट ठेवून मी म्हणाले, "यहाँ छूट गया है."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग वाक्याच्या वर, दोन ओळींच्या मधल्या जागेत, बारीक अक्षरात ते चार शब्द घातले. मी पुन्हा वाचलं आणि खाली पूर्ण नाव लिहिलं. दादाचं आणि माझं आडनाव वेगळं असलं, तरी आमच्या दोघांच्या आजोबांचं घर एकच होतं. त्या घरच्या तलवारी आत्याकडे आहेत. पुढच्या खंडेनवमीला तिथलं बोलावणं आलं नाही.